जोन ऑफ आर्कवरील तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम: खटल्याची कागदपत्रे निवडावीत की तिच्या वाटेवरचा प्रवास?

कऱ्हाकाठ यांचा प्रश्न:

नमस्कार. मी पुण्यात इतिहास विषयात एम. ए. करत असून युरोपचे मध्ययुग हा माझा ऐच्छिक विषय आहे. फ्रेंच बी-वन पातळीपर्यंत शिकले आहे आणि मोडी लिपीचा प्राथमिक वर्गही पूर्ण केला आहे. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये जाऊन जोन ऑफ आर्क (पंधराव्या शतकात फ्रेंच सैन्यासोबत इंग्रजांविरुद्ध लढलेली खेड्यातली मुलगी) या एकाच विषयावरचा तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम करावा असे मनात आहे. घरून होकार मिळाला आहे. परंतु खर्च मोठा असल्यामुळे निवड पूर्ण विचारांती करायची आहे.

माझ्यासमोर दोन माहितीपत्रके आहेत. पहिल्या अभ्यासक्रमात जोनच्या आयुष्यातील ठिकाणे क्रमाने पाहायची आहेत: लॉरेनच्या सीमेवरचे तिचे दोंरेमी गाव, जिथून ती निघाली ते वोकूलर, युवराज चार्ल्सची भेट झाली ते शिनों, इंग्रजांचा वेढा उठला ते ऑर्लेयाँ, चार्ल्सच्या राज्याभिषेकाचे रँस आणि शेवटी जिथे तिला जाळले ते रूआँ. प्रत्येक ठिकाणी व्याख्यान आणि परतल्यावर एक निबंध, असे त्याचे स्वरूप आहे. दुसरा अभ्यासक्रम जवळजवळ सगळा रूआँमध्येच असून त्यात १४३१ चा खटला आणि पंचवीस वर्षांनी झालेली फेरचौकशी यांच्या कागदपत्रांचे रोज वाचन आहे. ते वाचन आधुनिक फ्रेंच भाषांतरातून होते, सोबतीला मूळ पानांच्या छायाप्रती असतात.

पहिल्याचे आकर्षण मोठे आहे, हे मी लपवत नाही. तो प्रदेश पुन्हा पाहायला मिळेल याची खात्री नाही. दुसऱ्यात मात्र काही तरी पक्के शिकून येईन असे वाटते. लॅटिन येत नसेल तर दुसऱ्या अभ्यासक्रमात मी मागे पडेन का? जाण्यापूर्वी नेमके काय वाचून जावे? आणि अशा अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमाला पुढे पीएच. डी.च्या अर्जात काही वजन असते का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुनेदप्तर यांचे उत्तर:

दुसरा अभ्यासक्रम निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण जोनविषयीच्या साधनांमध्येच आहे. पंधराव्या शतकातल्या खेड्यातील एका मुलीविषयी इतके लिखित साहित्य उपलब्ध असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे आणि त्यातला मोठा भाग दोन न्यायालयीन चौकशांतून आलेला आहे. पहिलीने तिला पाखंडी ठरवले, दुसरीने १४५६ मध्ये तो निकाल रद्द केला. पहिलीत प्रश्न विचारणारे इंग्रजांच्या बाजूचे होते, तर दुसरीच्या मागे तिनेच ज्याला मुकुटापर्यंत नेले त्या सातव्या चार्ल्सची गरज उभी होती, कारण पाखंडी ठरलेल्या मुलीच्या हातून मिळालेला मुकुट त्याला परवडणारा नव्हता. म्हणजे दोन्ही दप्तरे हेतूने भरलेली आहेत. जोनचे शब्द आपल्यापर्यंत येतात ते या लोकांच्या लेखणीतून, आणि ती लेखणी ओळखायला शिकणे हाच या विषयाचा गाभा आहे. हे शिकवणारा माणूस शेजारी बसलेला असणे, ही गोष्ट घरबसल्या मिळत नाही.

नोंदी कशा तयार झाल्या ते पाहा. जोन फ्रेंचमध्ये उत्तरे देत असे. गियोम मांशों आणि त्याचे सहकारी लेखनिक ती फ्रेंचमध्येच टिपून घेत आणि नंतर आपापली टिपणे ताडून पाहत. खटला संपल्यावर तोमा द कूर्सेल याने मांशोंच्या मदतीने सगळे लॅटिनमध्ये उतरवले. त्याच्या पाच अधिकृत प्रती केल्या गेल्या, त्यांपैकी तीन आजही आहेत: एक फ्रान्सच्या संसदेच्या ग्रंथालयात आणि दोन राष्ट्रीय ग्रंथालयात. मूळ फ्रेंच टिपणांचा काही भाग नंतरच्या नकलांमधून वाचला आहे. आता हा कूर्सेल कोण? १२ मे १४३१ रोजी जोनचा शारीरिक छळ करावा की नाही यावर जे मत घेतले गेले, त्यात बहुसंख्यांनी नकार दिला असताना छळाच्या बाजूने मत देणाऱ्या मोजक्या लोकांपैकी तो एक होता. तिची उत्तरे लॅटिनमध्ये आली ती याच माणसाच्या हातून, आणि १४५६ मध्ये हाच माणूस फेरचौकशीपुढे साक्षीदार म्हणून उभा राहिला. हे एकदा कळले की कोणतेही वाक्य सरळ उचलून ‘जोन म्हणाली’ असे लिहिण्यापूर्वी आपला हात थांबतो.

एक उदाहरण तुम्हाला तिथे पोचण्यापूर्वीच अभ्यासता येईल. दोंरेमीजवळ बीच जातीचे एक मोठे झाड होते, त्याला बायकांचे किंवा पऱ्यांचे झाड म्हणत. २४ फेब्रुवारी १४३१ च्या बैठकीत न्यायाधीशांनी जोनला त्या झाडाविषयी खोदून विचारले, कारण पऱ्यांशी संबंध लागला तर ती देवाकडून येतात असे सांगत असलेल्या, तिला ऐकू येणाऱ्या आवाजांचे मूळ सैतानी ठरवणे सोपे जाणार होते. पुढे १४५६ च्या आरंभी दुसऱ्या चौकशीचे लोक त्याच गावात गेले आणि त्याच झाडाविषयी गावकऱ्यांना विचारू लागले. तेव्हा उत्तरे आली ती अशी की उपवासकाळातल्या ठरावीक रविवारी गावची पोरे घरून भाकऱ्या घेऊन झाडाखाली जात, खात, नाचत, जवळच्या झऱ्याचे पाणी पीत, आणि जोनही इतरांसारखीच जात असे. झाड एकच, गाव एकच. पण पहिल्या दप्तरात ते झाड संशयाचा पुरावा आहे आणि दुसऱ्यात गावच्या सणाचा भाग आहे. दोन्ही उतारे समोरासमोर ठेवून प्रश्न कोणी, कशासाठी विचारला हे लिहून काढा. त्या एका तक्त्यातून निबंधाचा विषय हाती येईल.

लॅटिनची धास्ती घेऊ नका. खटल्याची फ्रेंच आणि इंग्रजी भाषांतरे चांगली आहेत. जूल किशेरा याने १८४१ ते १८४९ या काळात दोन्ही चौकशांची कागदपत्रे पाच खंडांत छापली, तेव्हापासून हे साहित्य अभ्यासकांच्या हाती आहे, आणि विसाव्या शतकात त्याच्या अधिक काटेकोर आवृत्त्या निघाल्या. जाण्यापूर्वी सगळे वाचण्याच्या मागे लागण्याऐवजी २१ फेब्रुवारी ते ३ मार्च १४३१ या काळात झालेल्या सहा उघड बैठका शांतपणे दोनदा वाचा. त्यानंतर २८ मेची नोंद वाचा. आवाजांचा दावा आणि पुरुषी वेष सोडण्याची शपथपूर्वक माघार घेतल्यानंतर जोन पुन्हा त्याच वेषात आढळली, आवाज पुन्हा ऐकू आल्याचे तिने सांगितले, आणि त्या उत्तराशेजारी समासात लेखनिकाने ‘प्राणघातक उत्तर’ अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द लिहून ठेवले. दोनच दिवसांनी तिला जाळण्यात आले. ते दोन शब्द समासात पाहिले की खटला चालवणाऱ्यांना काय हवे होते ते लख्ख दिसते.

मोडीचा तुमचा सराव इथे नक्की कामी येईल. मोडी कागदात ‘छ’ दिसला की पुढे चांद्रतिथी येणार हे जसे डोळ्यांना सवयीने कळते, तसेच लॅटिन हस्तलिखितात अक्षरावर आडवी रेघ दिसली की तिथे ‘म’ किंवा ‘न’ गाळलेला असण्याची शक्यता मोठी, हे थोड्या सरावाने कळू लागते. पॅरिसच्या एकोल दे शार्त या संस्थेने जुनी हस्ताक्षरे वाचण्याच्या सरावाची पाने संकेतस्थळावर खुली ठेवली आहेत; रोज थोडा वेळ त्यावर घालवावा.

नकाशाघर यांचे उत्तर:

जुनेदप्तर यांनी कागदपत्रांविषयी लिहिलेले सगळे मान्य आहे. तरीही ठिकाणे पाहणे म्हणजे केवळ पर्यटन, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये म्हणून हे लिहितो. मी ऑर्लेयाँमध्ये शिकलो आहे आणि ल्वार नदीच्या काठावर उभे राहिल्याशिवाय १४२९ च्या वेढ्याविषयीची एक महत्त्वाची साक्ष मला नीट उमगली नव्हती.

ती साक्ष ऑर्लेयाँचा बचाव सांभाळणाऱ्या द्युन्वाची. त्याने १४५६ मध्ये सांगितले की जोन रसद घेऊन नदीच्या दक्षिण काठाने आली तेव्हा वारा उलटा होता, नावा प्रवाहाविरुद्ध वर नेता येत नव्हत्या, आणि अचानक वारा फिरला. भाविक वाचक याला चमत्कार मानतो आणि शंकेखोर वाचक ही साक्षच बाजूला टाकतो. नकाशा घेऊन काठावर उभे राहिले की वेगळाच प्रश्न पडतो. शहर उत्तर काठावर, नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी, इंग्रजांच्या गढ्यांची दाटी पश्चिमेला आणि पूर्वेला मुख्यतः सँ-लूची एकच गढी. म्हणून रसद शहराला वळसा घालून पूर्वेकडे शेसीपर्यंत नेली गेली, आणि ती घ्यायला शहरातल्या नावांना प्रवाहाविरुद्ध जायचे होते, ज्यासाठी पश्चिमेचा वारा हवाच. वारा हा त्या नावाड्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता. द्युन्वाने तोच क्षण निवडून का सांगितला, हा खरा अभ्यासाचा प्रश्न आहे. जोन २९ एप्रिलच्या संध्याकाळी शहरात आली, ७ मे रोजी पुलाच्या दक्षिण टोकावरची तूरेलची गढी पडली आणि ८ मे रोजी इंग्रज वेढा उठवून निघून गेले. हे नऊ-दहा दिवस जमीन पाहून समजतात तसे पुस्तकातून समजत नाहीत.

मात्र पहिल्या अभ्यासक्रमाविषयी माझी एक गंभीर शंका आहे. तुम्ही जे पाहणार आहात त्यातले पंधराव्या शतकातले फार थोडे आहे. तूरेलही नाही आणि तो जुना पूलही नाही. ऑर्लेयाँमध्ये जोन ज्या घरात उतरली ते दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले. आज दिसते ती नंतरची उभारणी आहे. रूआँमध्ये जोनच्या नावाने ओळखला जाणारा बुरूज अस्सल मध्ययुगीन आहे, पण तिचा तुरुंग त्या किल्ल्याच्या दुसऱ्या बुरुजात होता, जो आता नाही. आजच्या बुरुजात तिला ९ मे १४३१ रोजी आणून छळाची साधने दाखवण्यात आली. तेव्हा तिने दिलेले उत्तर नोंदवलेले आहे: माझे अवयव तोडलेत तरी याहून वेगळे काही सांगणार नाही, आणि सांगितलेच तर ते तुम्ही बळजबरीने वदवलेत असे मी नंतर म्हणेन. त्या दगडी खोलीत हे वाचणे आणि वसतिगृहात वाचणे यांत फरक आहे. शिनोंच्या संग्रहालयात तर तिच्या अस्थी म्हणून जपलेले अवशेष होते, आणि २००७ मध्ये तपासणीअंती ते इजिप्तच्या ममीचे आणि मांजराच्या हाडाचे निघाले. कोणते स्थळ किती खरे, हे शिक्षक प्रत्येक ठिकाणी उघडपणे सांगणार असतील तरच तो प्रवास अभ्यास ठरेल.

माझा सल्ला असा: रूआँचा अभ्यासक्रम घ्यावा आणि तो संपल्यावर स्वतःच्या खर्चाने ऑर्लेयाँ पाहून यावे. पॅरिसमार्गे रेल्वेने जाणे सोपे आहे. दोंरेमीला पोचणे मात्र गाडीशिवाय कठीण पडते, ते यावेळी सोडून दिले तरी चालेल.

नॉर्मंडीतून यांचे उत्तर:

मी काही वर्षांपासून याच भागात राहते, म्हणून व्यवहाराचे तेवढे सांगते.

बी-वन पातळीवर व्याख्यान बरेचसे समजेल, पण चर्चेत बोलताना अडखळाल. रोज एका उताऱ्याचा सारांश मोठ्याने सांगण्याचा सराव आतापासून करावा. खटल्यातले शब्द ठरावीक आहेत: शपथ, जबानी, पाखंड, माघार, वेष, तुरुंग. एवढे शब्दभांडार पक्के असले की पहिल्या आठवड्याची ओढाताण वाचते.

मुक्काम ९० दिवसांच्या आत असल्याने शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा लागेल. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो, पण उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, त्यामुळे शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण असलेला विमा, संस्थेचे प्रवेशपत्र आणि राहण्याच्या सोयीचा कागद या तीन गोष्टी प्रथम गोळा कराव्यात.

पीएच. डी.च्या अर्जाविषयी: हजेरीचे प्रमाणपत्र आणि श्रेयांक (क्रेडिट) यांत मोठा फरक आहे. युरोपीय पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचे काम. तीन आठवड्यांत दहा-बारा श्रेयांक देऊ, असे कोणी म्हणत असेल तर तासांचा हिशेब मागा. तुमच्या विभागाला ते श्रेयांक चालतील का, हे जाण्याआधी लेखी विचारून घ्या. प्रत्यक्षात वजन पडते ते तिथे लिहिलेल्या निबंधाचे आणि तो वाचलेल्या शिक्षकाच्या शिफारसपत्राचे.

आणखी एक. तारखा निवडता येत असतील तर मे महिना उत्तम. ऑर्लेयाँमध्ये २९ एप्रिल ते ८ मे या काळात वेढा उठल्याचा उत्सव होतो, तो पंधराव्या शतकापासून चालत आला आहे, आणि दरवर्षी एका मुलीला जोनची भूमिका दिली जाते. जुलैत आलात तर हे काहीच दिसणार नाही. रूआँमध्ये असाल तेव्हा जिथे जोनला जाळले त्या जुन्या बाजारचौकात सकाळी लवकर जा. तिथले चर्च १९७९ चे आहे, पण त्यात बसवलेल्या काचा सोळाव्या शतकातल्या आहेत, १९४४ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या सँ-व्हँसाँ चर्चमधून आलेल्या. दुपारनंतर गर्दीत त्या निवांत पाहता येत नाहीत.

कऱ्हाकाठ:

तिघांचेही मनापासून आभार. रूआँचा अभ्यासक्रम नक्की केला आहे आणि त्याला जोडून ऑर्लेयाँला जाईन. झाडाविषयीचे दोन्ही उतारे कालच शोधून वाचले. गावातल्या ओव्हिएत नावाच्या मैत्रिणीची साक्षही वाचली. जोन गाव सोडून गेल्याचे कळल्यावर आपण फार रडलो, असे तिने पंचवीसेक वर्षांनंतरही सांगितले आहे. दप्तरात ही व्यक्ती इतकी जिवंत भेटेल असे वाटले नव्हते.

आता एक अडचण विचारते. जोनला ऐकू येणाऱ्या आवाजांविषयी वर्गात काय भूमिका घ्यावी? माझ्या विभागात एका बाजूला त्यांना श्रद्धेचा विषय म्हणून हात न लावण्याची पद्धत आहे आणि दुसऱ्या बाजूला लगेच एखाद्या आजाराचे नाव देण्याची. दोन्ही मला अपुरे वाटतात.

जुनेदप्तर यांचे उत्तर:

तुम्हाला दोन्ही अपुरे वाटतात, हे योग्यच आहे. सहाशे वर्षांनंतर आजाराचे निदान करणारे लोकही याच खटल्याच्या नोंदींवर विसंबतात, आणि त्या नोंदी वैद्याने घेतलेल्या नाहीत, पाखंड शोधणाऱ्यांनी घेतलेल्या आहेत. म्हणून आवाज काय होते हे ठरवण्याआधी त्यांचे वर्णन नोंदींत कसे बदलत गेले ते पाहावे.

२२ फेब्रुवारीला जोन सांगते की तेरा वर्षांची असताना, उन्हाळ्यात, दुपारच्या सुमारास, वडिलांच्या बागेत तिला आवाज ऐकू आला आणि सोबत प्रकाश होता. इथे एकच आवाज आहे, त्याला नाव नाही. २४ तारखेलाही ती आवाजाविषयीच बोलते आणि अधिक सांगायला नकार देते. न्यायाधीश सोडत नाहीत: तो देवदूताचा आहे का, संताचा आहे का, थेट देवाचा आहे का? २७ फेब्रुवारीला प्रथमच संत कॅथरिन, संत मार्गारेट आणि संत मायकेल यांची नावे नोंदीत येतात. पुढच्या बैठकांत त्यांचे केस, कपडे, मुकुट, भाषा यांविषयी प्रश्न होतात. तिने नावे आधीपासून मनात बाळगली होती आणि दबावाखाली उघड केली, की प्रश्नांमुळेच त्या अनुभवाला नावे आणि शरीरे मिळत गेली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. वर्गात हा प्रश्न असाच मांडावा. तिच्या श्रद्धेचा मान राखूनही तो मांडता येतो, कारण इथे तपासायची आहे ती विचारणाऱ्यांची पद्धत.

त्याच २४ फेब्रुवारीच्या बैठकीत, देवाची कृपा आपल्यावर आहे हे तिला ठाऊक आहे का, असे विचारले गेले. हो म्हटले असते तर गर्व ठरला असता, नाही म्हटले असते तर पापाची कबुली. ती म्हणाली की नसेल तर देव ती माझ्यावर करो आणि असेल तर देव मला त्यातच ठेवो. साधारण एकोणीस वर्षांची, वकील न मिळालेली मुलगी हे उत्तर देते. निबंध आवाजांवर लिहिलात तरी या उत्तरासाठी एक परिच्छेद राखून ठेवा.

नकाशाघर यांचे उत्तर:

यात एकच भर घालतो. दोन्ही चौकशांच्या बाहेरचे साधन हवे असेल तर तिची पत्रे घ्या. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पत्रे ती सांगून लिहवून घेत असे, पण तिची सही असलेली तीन पत्रे आजही आहेत. त्यांपैकी ९ नोव्हेंबर १४२९ चे रिओम शहराला लिहिलेले पत्र मला सर्वांत मोलाचे वाटते. त्यात संतांविषयी काही नाही. ला शारिते या गावाला वेढा घालायचा आहे, म्हणून ती बंदुकीची दारू, सोरा, गंधक, बाण आणि मजबूत आडवी धनुष्ये (क्रॉसबो) मागते. खटल्यात जिला आवाज आणि वेष यांविषयी सतत विचारले गेले, तीच इथे मोहिमेचा तुटवडा भरून काढण्याच्या खटपटीत दिसते.

हे पत्र लहान आहे आणि आधुनिक फ्रेंचमध्ये सहज मिळते. ते रूआँच्या वाचनयादीत नसेल तर प्रवेश नक्की होताच शिक्षकांना पत्र लिहून, निबंधात खटल्याच्या नोंदींशेजारी ते ठेवण्याची परवानगी मागा. असे आधी कळवलेले त्यांना आवडते, आणि तिथे पोचण्यापूर्वीच निबंधाची चर्चा सुरू होते.